मालुआत्तीचा माग

मंजुश्री बोरगावहून लग्न होऊन वडगावात आली, तेव्हा उंबरठा ओलांडल्यावर सासूनं तिला आधी देवघरात नेलं नाही. पुढच्या सोप्यात नेलं. तिथं तीन यंत्रमाग होते. त्यातल्या खिडकीजवळच्या, सगळ्यांत जुन्या मागासमोर तिला उभं करून सासू, बायाक्का, म्हणाली, "पाया पड गं. ह्या तुझ्या थोरल्या आत्ती."

मंजुश्रीला वाटलं, मागाच्या पलीकडं कुणी म्हातारी बसलेली असेल. तिनं वाकून बघितलं. पलीकडं भिंत होती आणि भिंतीला टेकवून ठेवलेली तेलाची बुधली. नवरा, साईनाथ, तोंडावर रुमाल धरून हसत होता. सासू मात्र हसत नव्हती. मग मंजुश्रीनं पदर सावरला आणि त्या थंडगार लोखंडाला हात लावून नमस्कार केला.

मालुबाई ही बायाक्काची सासू, म्हणजे इकडच्या बोलीत तिची आत्ती. हातमागावर बसणारी, जिभेची तिखट. सून जेवायला बसली की हिला तहान लागायची आणि सून आडवी झाली की हिच्या गुडघ्यात कळ यायची. घरात पहिला यंत्रमाग आणायचं ठरलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "ते खडखडणारं भूत माझ्या घरात नगो," म्हणाली. तरी तो आला. आणि आल्यावर थोड्याच दिवसांत, एका दुपारी, त्याच्याच शेजारी भिंतीला टेकून बसलेली मालुबाई बसल्या जागी गेली. माग चालू होता. त्या आवाजात कुणाला कळलंही नाही.

तेव्हापासून बायाक्काच्या लेखी मालुबाई कुठं गेलीच नव्हती. धागा विनाकारण तुटला की, "आत्तीचं आज काय बिनसलंय बघ." मोटर तापली की, "आत्तीला उनाचा तरास व्हतोय." हळदीकुंकू लावल्याशिवाय त्या मागाचा चालू-बंद करायचा दांडा ओढायचा नाही. त्याच्यापुढं केस मोकळे सोडायचे नाहीत, शिट्टी वाजवायची नाही. अमावास्येला गल्लीतले सगळेच माग बंद असायचे, पण या घरात त्या दिवशी मालुआत्तीला पुसून, वंगण घालून, वर जुनी साडी पांघरली जायची.

साईनाथ आयटीआय करून फिटर झालेला. तो म्हणायचा, "आई, ती वंगण मागत्या. माफी न्हाय."

बायाक्का डोळे वटारायची. मंजुश्री दोघांच्या मधे उभी राहून हसू दाबायची. पण घरात काही वर्षं काढल्यावर तिच्याही नकळत तिला सवयी लागल्या. न्हाऊन आल्यावर ती मधल्या दारानं न जाता बोळातनं जायची. मोबाईलवर माहेरी बोलताना सासूची गाऱ्हाणी सांगायची असतील तर परड्यात जायची. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, भीती कसली, उगंच. भीती नव्हतीच तेव्हा.

ती आली दिवाळीनंतर.

शहापूरच्या एका दुकानदाराच्या लग्नाच्या साड्या विणायच्या होत्या. रुंद काठाचा तो उभ्या दोऱ्यांचा ताणा मालुआत्तीवरच बसायचा, म्हणून तिच्यावरच चढवला होता. काम घाईचं. मधे अमावास्या आली तर साईनाथ म्हणाला, एक दिवस चालवू या, न्हायतर पुरं व्हत न्हाय. बायाक्का दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. तो दिवस सरळ गेला. त्यानंतर आठवडाभरानं, दुपारी, मंजुश्री आतल्या खोलीत आडव्या दोऱ्याच्या कांड्या भरत बसली होती. मागाचा आवाज घरातल्या माणसांना ऐकू येत नाही. बदलला की ऐकू येतो. एक ठोका चुकला. मग काहीतरी मऊ वस्तूवर आपटल्यासारखा आवाज झाला. मग दांडा ओढल्याचा खाडकन आवाज, आणि शांतता.

ती धावत गेली. साईनाथ मागाच्या बाजूला उभा होता, डाव्या डोळ्यावर तळहात दाबून. पायाशी धोटा पडला होता. वीतभर लांबीचं ते शिसवी लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, ताण्याच्या दोऱ्यांमधून डावीउजवीकडं धावणारं. त्यातल्या कांडीचा पिवळा दोरा अजून मागात अडकला होता आणि साईनाथच्या शर्टावरून, गुडघ्यावरून खाली धोट्यापर्यंत ताणला गेला होता.

"मंजू, बघ गं जरा," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. "काय झालंय बघ."

त्यानं हात काढला. तिनं बघितलं, आणि परत त्याचा हात तिथंच दाबून ठेवला.

डोळा वाचला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फार चांगल्या शब्दांत समजावून सांगितलं, पण शेवटी अर्थ तोच. साईनाथ काळा चष्मा लावून घरी आला. येताना पुढच्या दारानं आला नाही. बोळातनं, परड्याच्या दारानं आला. तेव्हापासून त्याचं जाणंयेणं तिकडूनच झालं. सोप्याचं दार त्याला दिसेल अशा जागी तो बसतही नसे.

एके संध्याकाळी मंजुश्रीनं त्याच्यापुढं चहाचा पेला धरला. त्यानं हात पुढं केला आणि बोटं पेल्याच्या अलीकडं, हवेतच मिटली. चहा मांडीवर सांडला. एका डोळ्याला लांब-जवळचं कळत नाही, हे दोघांनाही तेव्हाच नीट उमगलं. ती फडकं आणायला उठली तर त्यानं तिचं मनगट धरलं.

"तिनं बघून मारलं मंजू."

"कुणी?"

"तुला ठावं हाय कुणी." त्याचा आवाज बसला होता. "धोटा सुटला तर सरळ भिंतीला जातोय, न्हायतर खाली पडतोय. मी समोर नव्हतोच. बाजूला हुबा होतो. वळला तो. माझ्याकडं वळला. इतकी वर्षं मी तिला हसत आलोय, तिनं ध्येनात ठेवलं."

मंजुश्री परत खाली बसली. सासूनं हेच सांगितलं असतं तर तिनं मान डोलावून सोडून दिलं असतं. पण हा साईनाथ होता. हसणारा माणूस घरात तो एकटाच होता, आणि आता तोही हसत नव्हता.

साड्या तर अर्ध्यावर होत्या. बायाक्काच्या हातांना कंप सुटलेला, ती कांड्यांपलीकडं काही करू शकत नव्हती. बाकीचे दोन माग मंजुश्री चालवत आलीच होती. मालुआत्तीवर मात्र ती कधी उभी राहिली नव्हती. आता दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या सकाळी बायाक्कानं नारळ वाढवला. हळदीकुंकू वाहिलं. मग मागाच्या आडव्या लोखंडावर हात ठेवून, एखाद्या रुसलेल्या माणसाची समजूत घालावी तशी बोलली, "आत्ती, अमाशेला तुम्हास्नी राबवलं, चुकलं आमचं. ल्योक शाना न्हाय. पर ही परक्याची पोर हाय. हिला संबाळून घ्या." मग सुनेकडं वळून म्हणाली, "भिऊ नगो. मी सांगितलंय."

मंजुश्रीनं दांडा ओढला.

दुसऱ्या मागांचा आवाज खडखड होता, नुसता खडखड. पण हिचा तसा नव्हता, किंवा त्या दिवसापासून तिच्या कानाला तसा लागेना. एक जड ठोका आणि त्यामागून एक हलका. तू-बी. तू-बी. तू-बी. तिनं डोकं झटकलं. दुसरं काहीतरी ऐकायचा प्रयत्न केला; देवाचं नाव त्या तालात बसवून बघितलं. थोडा वेळ बसलं, आणि मग आपोआप सरकून परत तेच. तू-बी. तू-बी. धोटा डावीकडून उजवीकडं जायचा, परत यायचा, आणि तिला वाटायचं, ही डोळ्याची बाहुली आहे, इकडून तिकडं फिरणारी, आणि प्रत्येक फेरीत मधोमध आली की क्षणभर आपल्याकडं बघून जाणारी.

आणि माग बंदही पडायचा. ती दुसऱ्या मागाकडं वळली की मालुआत्ती थांबायची. आडवा दोरा तुटला की माग आपसूक थांबतो, ही तर त्याची रचनाच. मंजुश्रीला हे पाठ होतं. पण आपली पाठ वळल्यावरच ही का थांबते? ती वळली, खट. परत आली, दोरा जोडला, सुरू केलं, दोन पावलं गेली, खट. शेजारच्या मागावर असं दिवसातून कितीतरी वेळा होई आणि तिच्या ध्यानातही राहत नसे. हिचं प्रत्येक थांबणं मात्र तिला कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं वाटे. ती मागाकडं तोंड करूनच उलट्या पावलांनी सरकायला शिकली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं साईनाथचं हेल्मेट उचललं आणि डोक्यावर चढवून, काच खाली ओढून कामाला उभी राहिली. बरं वाटलं. श्वास काचेवर जमत होता, पण बरं वाटलं. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका खिडकीतून बघून हसल्या, त्याचंही तिला काही वाटलं नाही.

बायाक्का कांड्यांची टोपली घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काढ ते."

"आत्ती, डोळं वाचत्यात ह्यानं."

"थोरल्या माणसापुढं टोपडं घालून हुबी राहतीस? तिला काय वाटंल? मी हितं तिचे पाय धरून बसलोय आणि तू तिला दाखवतीस, तुझा भरवसा न्हाय म्हणून?" म्हातारीनं टोपली छातीशी धरली होती. ती रागावली नव्हती, घाबरली होती. "पदर घे डोक्यावर. आणि उद्यापास्नं लुगडं नेस. पंजाबी ड्रेस नगो तिच्यापुढं."

मंजुश्रीनं हेल्मेट काढलं. हे चूक आहे, असं तिला आत कुठंतरी वाटत होतं. पण त्याहून मोठ्या आवाजात वाटत होतं, की खरंच अपमान वाटला असेल तर? दुसऱ्या दिवसापासून ती साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन मागापुढं उभी राहू लागली, एखाद्या कडक सासूपुढं नवी सून उभी राहते तशी. बोलायलाही लागली. आधी मनात, मग ओठांतल्या ओठांत, मग सरळच. "थोरल्या आत्ती, हा काठ झाला की थोडं थांबू या." "थोरल्या आत्ती, आज अंग दुखायलंय, जरा सबुरीनं घ्या." बोलल्यावर एखादा तास दोरा तुटायचा नाही आणि तिचे डोळे भरून यायचे. मग परत तुटायचा, आणि ती आठवत बसायची, की मी काय बोललो, काय चुकलं?

एवढं सगळं लक्ष तिचं मागाच्या मर्जीकडं. कान कायम त्या दोन ठोक्यांना लावलेले. रात्री साईनाथच्या कुशीत झोपतानासुद्धा तिच्या दातांवर दात तोच ताल धरायचे.

त्या दिवशी करंट गेला तो असाच मधेच. गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झाले. वडगावात इतकी शांतता झाली की माणसं बाहेर येऊन उभी राहतात, एकमेकांशी बोलायला आवाज हळू करतात. मंजुश्री मात्र हलली नाही. तिला दिसलं, की थांबता थांबता काठातले ताण्याचे दोनचार दोरे तुटले आहेत. आता जोडून घेतले तर बरं. करंट गेल्यावर आधी दांडा मागं ओढायचा, मग मोटरचं बटण बंद करायचं, हे ती बाकीच्या दोन मागांवर विचार न करता करायची. इथं ती विचार करत होती. ही आज का थांबली? रागानं थांबली की दमून? तिनं मागावर हात ठेवला. लोखंड कोमट होतं, अंगासारखं. तिनं कान जवळ नेला. आत कुठंतरी तेलाचा थेंब सावकाश ओघळत असावा, तसा आवाज येत होता.

"दोरा जोडतो हं, थोरल्या आत्ती," असं म्हणून ती आत वाकली.

पहिला दोरा जोडला. दुसरा बोटांत धरला. आणि गल्लीच्या टोकाकडून खडखडाट उठला, एका घरातून दुसऱ्या घरात, धावत आल्यासारखा. तिला कळेपर्यंत तिच्या समोरचं लोखंड हललं.

ती मागं सरली, पण डोक्यावरून घेतलेला पदर पुढं लोंबत होता. तो दातेरी चाकांत गेला. मानेला हिसका बसला. ती दोन्ही हातांनी पदर ओढू लागली आणि पदर तिला ओढू लागला. चाक फिरत होतं, कापड गिळत होतं, गाल लोखंडाच्या इतका जवळ आला की तेलाचा वास थेट घशात गेला. तू-बी. तू-बी. तू-बी. आता काहीच शंका नव्हती.

"थोरल्या आत्ती!" ती किंचाळली. "सोडा! चुकलं माझं! सोडा वो, पाया पडतो, सोडा!"

काय चुकलं होतं, तिला माहीत नव्हतं. माणूस समोर असतं तर जे म्हणाली असती तेच तिच्या तोंडून निघालं.

सोप्याचं मधलं दार भिंतीवर आदळलं. साईनाथ आला होता. चष्म्याशिवाय, अनवाणी. त्यानं बटणाकडं झेप घेतली आणि त्याचा हात बटणाच्या शेजारी नुसत्या भिंतीवर आपटला. परत मारला, तो खाली लागला. तिसऱ्यांदा त्यानं भिंतीवर सगळा पंजा पसरला आणि आंधळ्यासारखा घासत नेला, तेव्हा बटण सापडलं.

माग थांबला.

साईनाथनं कात्रीनं पदर कापला. मंजुश्रीच्या मानेवर दोरखंडानं काढावा तसा लाल वळ उठला होता. दोघं तिथंच फरशीवर बसली.

बायाक्का दारात उभी होती. ती आत आली, सुनेकडं बघितलं, मुलाकडं बघितलं आणि सरळ मागाकडं गेली. तळहात उगारून तिनं त्या लोखंडाला चापट मारली. मग दुसरी. मग मारतच सुटली. "माझ्या ल्योकाचा डोळा खाल्लास, आता सून पायजे व्हय गं तुला? जित्तेपणी खाल्लंस ती भाकरी पुरली न्हाय? सटवे!" तिच्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं, तेव्हा साईनाथनं उठून तिला आवरलं.

दुसऱ्या दिवशी साईनाथनं मष्णूअण्णाला बोलावून आणलं. गल्लीतले माग दुरुस्त करणारा हा माणूस दाखवलेल्या मागाला कधी नाही म्हणत नसे. त्यानं पिशवीतून पाने काढले, आणि हात लावायच्या आधी मागाला म्हणाला, "रागावू नगो बाई, जरा उघडतो."

"तुमी बी?" मंजुश्रीच्या तोंडून निघून गेलं.

"सवय हाय गं पोरी," तो ओशाळून हसला. "माझी मोटरसायकल बी थंडीत नाटक करत्या म्हणतोच की मी. ती काय नाटक करत्या? प्लग खराब असतोय."

त्यानं मागाच्या एका बाजूचं लाकूड सोडवलं आणि आतून एक काळपट तुकडा काढून तळहातावर ठेवला. धोट्याला ढकलणारा पिकर. त्याचं भोक एका अंगाला झिजून लांबट झालं होतं आणि कडेला बारीक चीर गेली होती.

"हे बग. ह्यानं धोटा तिरका सुटला. समोर जाळी असती तर अडला असता. त्याला काय डोळं हायत, बघून मारायला?"

साईनाथनं तो तुकडा हातात घेतला, उजव्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ फिरवून बघितला. फिटर माणूस तो. त्याला अजून कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "मलाच दिसाय पायजे होतं," एवढंच तो म्हणाला. पण त्या दिवशी तो पुढच्या दारानं बाहेर गेला आणि पुढच्या दारानं परत आला. येताना त्याच्या हातात जाळीच्या मापाचा कागद होता, आणि चेहऱ्यावर काहीतरी मोकळं झालं होतं.

मंजुश्रीलाही मोकळं वाटलं. नवा पिकर बसवल्यावर मागाचा आवाज तिनं मुद्दाम ऐकला. खडखड. नुसता खडखड. तिला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

बायाक्का मात्र त्या तुकड्याकडं बघतच राहिली होती. "एवढंच?" तिनं मष्णूला विचारलं.

"एवढंच."

"इतक्या एवढ्याशा तुकड्यानं?"

"व्हय की."

त्यानंतर म्हातारीचं जे झालं, ते घरात आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ती सोप्यात यायची बंद झाली. हळदीकुंकवाचा करंडा देवघरातच राहिला. मग ती साईनाथला पंख्याखाली बसू देईना. "त्येचा बी खिळा झिजला असंल," म्हणायची. गॅसची शेगडी बंद केल्यावर ती पुन:पुन्हा वाकून नळी चाचपायची. जिन्याच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीवर आधी हातानं दाबून बघायची. मिक्सर लागला की अंगणात जाऊन उभी राहायची. रात्री झोप नाही, ताटातली भाकरी तशीच. मूळची बारीक बाई, चिमणीएवढी झाली.

एका दुपारी मंजुश्री स्वयंपाकघरात आली तेव्हा बायाक्का खोलीच्या बरोब्बर मधोमध बसली होती, कुठल्याच भिंतीला न टेकता. पुढ्यात झाकलेलं ताट.

"आत्ती, जेवला न्हाईसा?"

म्हातारीनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत असली भीती मंजुश्रीनं कधी बघितली नव्हती. मागाला मारत होती त्या दिवशीसुद्धा नाही.

"मंजू, ती रागीट होती," बायाक्का म्हणाली. "लई रागीट. पर मला तिचा राग ठावं होता. कशानं येतोय, कशानं जातोय, सगळं ठावं. नारळ दिला, पाया पडलो, की माझी पोरं बिनघोर, असं मला वाटायचं. आता तुमी म्हणताय, तिथं कुणी न्हायच. तुकडा झिजला म्हणून डोळा गेला. कुणाच्या मनात काय नव्हतं." ती जवळ सरकली, आणि कुणी ऐकेल म्हणून आवाज खाली आणला. "मग मी कुणाला सांगू गं, माझ्या पोरांना संबाळा म्हणून? तुकड्याला?"

मंजुश्री तिच्याजवळ टेकली. खाली फरशी थंड होती. बाहेर साईनाथ जाळी ठोकत होता. तिला त्या बाईची इतकी दया आली की काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडात आलं ते ती बोलून गेली.

"आत्ती, एक सांगतो. अजून कुणाला सांगितलं न्हाय. त्या दिवशी पदर आत गेला तवा मी थोरल्या आत्तींना हाक मारली. पाया पडतो म्हणालो. तवा त्येंनी सोडलं."

"साईनाथनं बटण बंद केलं की."

"त्येच्या आधी. हे भिंतीवर हात आपटत हुते, बटण सापडंना झालतं. तवाच पदर ढिला झाला. वीतभर. न्हायतर माझं तोंड आत गेलं असतं."

तिनं हे सांगायला सुरुवात केली ती म्हातारीच्या घशाखाली घास उतरावा म्हणून. पण सांगता सांगता तिला ते परत दिसलं. आधी हिसका. मग लोखंड गालाजवळ. मग तिची हाक. मग चाकानं एक उचकी द्यावी तसं अडखळून मागं येणं, पदर ढिला पडणं, आणि मग, त्यानंतर, साईनाथचा पंजा भिंतीवरून घासत येण्याचा आवाज. क्रम तोच होता. तिनं बनवून काहीच सांगितलं नव्हतं.

पट्टा निसटला असेल. कापडाचा बोळा अडकला असेल. मष्णूअण्णाला विचारलं तर तो एका शब्दात सांगेल. पण त्याला विचारायचं तिच्यानं होणार नाही, हे तिला तिथंच, त्या फरशीवर कळलं.

"खरंच?" बायाक्कानं विचारलं.

"खरंच."

म्हातारीनं ताटावरचं झाकण काढलं. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि तोंडाशी नेता नेता थांबून, कुणाची तरी जुनी उणीदुणी काढावीत तशा सुरात म्हणाली, "खडूस हुती. पर जिवावर उठणारी नव्हती. ते मी नेहमी म्हणत आलोय."

पुढून साईनाथनं हाक मारली. "मंजू, ये जरा. जाळीचं हे टोक धर, मला अंदाज लागंना झालाय."

"आलो," ती म्हणाली.

ती उठली, सोप्याच्या दारापर्यंत गेली. माग बंद होता, मोटरचं बटण खाली होतं; तिनं आधी तेच बघितलं. साईनाथ गुडघ्यावर बसून वाट बघत होता. चौकटीला धरून ती उभी राहिली, आणि आत जायच्या आधी डोक्यावर पदर घ्यावा की नाही, हे तिचं तिला ठरवता येईना.